संदर्भ साहाय्य

परवा दुपारी चॅनेल बदलता बदलता ती जुनी डिटेक्टिव्ह मालिका पुन्हा लागलेली दिसली. तोच कुरळ्या केसांचा डिटेक्टिव्ह, तीच चुटकी, तेच "संदर्भ सापडला!". शेवटी नावं सरकायला लागली आणि वेशभूषा, केशभूषा यांच्या मागोमाग ती ओळ आली : संदर्भ साहाय्य, प्रा. मोहोळकर. मी टीव्ही बंद केला. इतक्या वर्षांनीही ते नाव वाचून माझं डोकं फिरतं.

मोहोळकर सर मला कधीच आवडले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे वाचताना कुणाला वाटायला नको की बाई मोठ्या मनाने शेवटी माफबिफ करतील. ते बोळिंजला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायचे, ते दुसऱ्या मजल्यावर आणि आम्ही पहिल्या. ते मुंबईत कॉलेजात मराठी शिकवायचे, मी आगाशीच्या शाळेत चौथीला. ते मला 'बाई' म्हणायचे, मी त्यांना 'सर'. एवढाच काय तो आमच्यातला समसमान व्यवहार.

अंगाने किरकोळ, चष्मा कायम कपाळावर, आणि शर्टाच्या खिशात रबर लावलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. कुठे काही वाचलं, ऐकलं की चिठ्ठीवर उतरवायचं आणि कोपऱ्यात ते कुठून मिळालं ते लिहायचं, ही त्यांची सवय. सवय चांगलीच होती. पण त्यांचं त्यावर भागत नसे. समोरच्याने तोंड उघडलं की त्यांचा प्रश्न तयार : "याला संदर्भ काय?" पाण्याचा टँकर उद्या येणार, असं सेक्रेटरी म्हणाले तरी संदर्भ काय. आज उकडतंय, असं कुणी म्हणालं तर तेवढं सोडून द्यायचे, पण नाइलाजाने.

तळमजल्यावरच्या सावंतांचे वडील गेले तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. सावंत रडवेल्या आवाजात म्हणाले, "माणूस जातो हो, त्याची माया मागे राहते." सर जरा पुढे सरकले. मला वाटलं खांद्यावर हात ठेवतायत. तर म्हणाले, "हे कुणाचं आहे? मूळ शब्द बहुतेक वेगळे आहेत." सावंतांच्या बायकोने आत जाऊन पाण्याचा तांब्या असा काही आदळला की सरांखेरीज सगळ्यांना समजलं.

गणपतीत तर ते आरती मध्येच थांबवायचे. हात वर करून सांगायचे की हे पुढचं कडवं नंतर कुणीतरी घुसडलेलं आहे, जुन्या वहीत सापडत नाही. कापूर विझायचा, टाळ वाजवणारी पोरं एकमेकांना कोपराने ढोसायची. एकदा माझ्या सासूबाई ताम्हण हातात धरून म्हणाल्या, "अहो सर, देवाला चालतंय ना?" त्यावर सर हसले. त्यांचं ते हसणं मला आजही सहन होत नाही. आपण लहान मुलांशी बोलतोय हे आपल्याला माहीत आहे, असं ते हसणं होतं.

तर नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा ही मालिका सुरू झाली. शनिवारी संध्याकाळी साडेसातला. तिची कल्पना अशी की डिटेक्टिव्ह बंदूक वापरत नाही, ठसे बघत नाही. जुन्या वाङ्मयावरून गुन्हे शोधतो. जात्यावरच्या ओव्यांत दळणाची वेळ कोणती असते त्यावरून खून केव्हा झाला ते ओळखतो. कीर्तनातल्या एखाद्या आख्यानावरून चोरलेली मूर्ती कुठे पुरली ते काढतो. पोवाड्यातल्या गडाच्या वाटेवरून पळालेला माणूस गाठतो. आणि मग चुटकी वाजवून, "संदर्भ सापडला!". मालिका चांगली होती, हे मला मान्य करावंच लागतं. माझ्या वर्गातली मुलं घरी आज्यांना ओव्या विचारायला लागली होती. हे संदर्भ पुरवायचे आमचे सर.

त्यांच्याकडेच मोठा टीव्ही होता. शनिवारी अर्धी बिल्डिंग वर जमायची. सर पुढच्या खुर्चीत. डिटेक्टिव्ह संदर्भ सांगणार त्याच्या एक क्षण आधी ते तर्जनी वर करायचे, की सगळे गप्प. शेवटी नाव आलं की आपण वाचलंच नाही असं दाखवून चष्मा पुसायला घ्यायचे. आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. मीही वाजवल्या आहेत.

वर्षभरात सरांच्या चिठ्ठ्या आटल्या. एक दिवस जिन्यात मला गाठून म्हणाले, "बाई, तुम्ही आगाशीला शिकवता. तिकडे जुन्या बायका असतीलच." मंडईत दोडकी असतीलच, तसं. मी त्यांना काशीबाईंकडे घेऊन गेले. ही चूक माझी आहे.

काशीबाई म्हणजे माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची, नीताची आजी. आगाशीच्या बाजारामागे त्यांची केळीची वाडी. राजेळी केळी सोलून, उन्हात सुकवून त्यांची सुकेळी करायची, केळीच्याच वाळक्या पानात बांधायची आणि बाजारात बसायचं, असा त्यांचा जन्म गेलेला. उन्हाने चेहरा रापलेला, बोलणं तुकडा पाडल्यासारखं. त्यांच्या लोकांत एक पद्धत होती. लेकीचं लग्न असलं की नवऱ्याकडचं वऱ्हाड मांडवाच्या दारात अडवायचं आणि नवरीच्या घरातल्या थोरल्या बाईने त्यांना एक कोडं घालायचं. ते कोडं याआधी कुणी ऐकलेलं नसलं पाहिजे. प्रत्येक बाईने उभ्या जन्मात स्वतःचं एक कोडं रचायचं आणि ते राखून ठेवायचं.

आम्ही गेलो तेव्हा त्या अंगणात चटईवर केळी मांडत होत्या. सरांनी टेपरेकॉर्डर ओट्यावर ठेवला, कॅसेट घातली. काशीबाईंनी सासूची, आजेसासूची कोडी सांगितली. सर खूश. मग म्हणाले, "आता तुमचं स्वतःचं?"

काशीबाई माझ्याकडे बघायला लागल्या. "बाय, ती नीताचे लग्नाची हाय. लगीन होईस्तो कुनाला सांगायची नाय."

"नाही सांगणार," सर म्हणाले. "माझ्या संग्रहापुरतं."

"शब्द?"

"हो, हो," सर कॅसेटची बाजू बदलत म्हणाले.

मग काशीबाईंनी ते सांगितलं. "हिरवी जन्मली, पिवली नेसली, उन्हात बसून म्हातारी झाली, न मंग गोड बोलाय लागली. कोन ती?" आणि समोरच्या चटईवरची सुकेळी उचलून दाखवली. उभं आयुष्य जे हाताखालून गेलं, त्याचंच कोडं काशीबाईंनी केलं होतं.

पुढे त्या हे सगळं कशासाठी असतं ते सांगायला लागल्या, तर सरांनी खटकन टेप बंद केली. "ही माहिती नको. रीळ वाया जातं." मग कॅसेटवर पेनाने लिहिलं, 'आगाशी, वृद्धा १', आणि टेपरेकॉर्डर पिशवीत टाकून उठले. चहाही अर्धाच प्यायले. अर्धा चहा टाकून उठणं ही त्यांची आणखी एक सवय.

ते फाटकाजवळ बसची वाट बघत उभे राहिले आणि टेपवर जे आलं नाही ते मी ऐकलं. ते कोडं सोडवण्यासाठी नसायचंच. वऱ्हाडाने हरावं म्हणून असायचं. डोकी खाजवून झाली, हसून झालं की नवऱ्याच्या आईने दारात उभं राहून म्हणायचं, "हरलो. तुमची लेक मागतो." मग उत्तर सांगायचं आणि मगच वऱ्हाड आत. काशीबाई म्हणाल्या, "माजी सासू कडक. पन येकदा माज्या घरवाल्यानं हात उगारलेला, तवा ती मधी उभी ऱ्हायली. म्हनाली, हिच्यासाठी मी दारात हरलेय, हिला हात लावायचा नाय." लेकीच्या बाजूला आयुष्यात वरचढ व्हायची तेवढी एकच घटका मिळायची. ती घटका पुढे जन्मभर पुरवायची, असा त्यांचा हिशेब.

नीताचं लग्न ठरलं. मुलगा जूचंद्रचा. लग्नाला दहा-बारा दिवस राहिले असताना, शनिवारी साडेसातला, डिटेक्टिव्ह एका श्रीमंत म्हातारीच्या मृत्युपत्रातलं कोडं वाचायला लागला. हिरवी जन्मली, पिवळी नेसली. सरांची तर्जनी वर गेली. सगळे गप्प बसले. चुटकी वाजली, डिटेक्टिव्हने कपाटातून सुकेळीचं बांधलेलं पान काढलं, त्यात दागिन्यांची किल्ली. "संदर्भ सापडला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात मांडीवरच राहिले. मी सरांकडे बघितलं, तर ते चष्मा पुसत होते.

काशीबाईंकडे टीव्ही नव्हता. मी त्यांना जाऊन सांगायला हवं होतं. दोनदा बाजारापर्यंत गेले आणि परत आले. जूचंद्रच्या लोकांनी नेमका तोच भाग कशाला बघितला असेल, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली. भेकडपणा, दुसरं काय.

मांडवाच्या दारात काशीबाई नवं लुगडं नेसून उभ्या राहिल्या. वऱ्हाड आलं. पुढे नवऱ्याची आई, हातात ताट. काशीबाईंनी हात आडवा धरला, घसा खाकरला आणि म्हणाल्या, "हिरवी जन्मली..."

"सुकेळी!" नवऱ्याची बहीण ओरडली. मग मागून दहा-वीस जणांनी एकदम चुटक्या वाजवल्या आणि एका सुरात, "संदर्भ सापडला!" काय हशा पिकला. वाजंत्रीवाल्यांना वाटलं झालं काम, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. वऱ्हाड काशीबाईंच्या हाताखालून वाकून आत शिरलं. हात तसाच आडवा. मीच जाऊन तो खाली घेतला. त्यांनी मला एवढंच विचारलं, "ह्यांना कुनी सांगितलं?" नवरी मुलगी मांडवात बसून हे सगळं बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या घरी गेले. इतकी चिडले होते की चपला दारात काढायचंही भान राहिलं नाही.

"तुम्ही शब्द दिला होतात."

"बाई, लोकवाङ्मयाला मालक नसतो."

"मग शेवटी तुमचं नाव का येतं?"

"ते साहाय्य आहे. मालकी नव्हे." पुन्हा ते हसणं. "आणि असं बघा, चार माणसांच्या मांडवात मेलं असतं ते मी घराघरात पोचवलं. लग्न मोडलं का? नाही ना? मग?"

मी त्यांना 'हरलो'चं सांगितलं. सगळं सांगितलं, सासूने मध्ये उभं राहण्यासकट. ते लक्षपूर्वक ऐकत होते. क्षणभर मला वाटलं, पोचलं. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि म्हणाले, "हे रोचक आहे. पुन्हा सांगा जरा, सावकाश." मी उठून आले. तिथे थांबले असते तर हातून काहीतरी झालं असतं.

नीता दिवाळसणाला माहेरी आली तेव्हा मला भेटली. वाईट चाललंय असं म्हणाली नाही. पण सासू उठता-बसता ऐकवायची, "आमी तुला जिंकून आनलेली हाय." मीठ कमी पडलं तरी तेच, माहेरी यायचं नाव काढलं तरी तेच. नीता सांगताना हसत होती. काशीबाई हसल्या नाहीत. त्या उठून केळ्यांना ऊन लागतंय का ते बघून आल्या. मग मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं कबूल केलं. मालिका, टेप, मला आधी माहीत होतं तेसुद्धा. म्हटलं, "काशीबाई, मी हरले." मला दुसरा शब्दच सुचला नाही.

त्यांनी चटईवरची चार केळी उलटी केली. शेवटी म्हणाल्या, "तुजे सरला परत घेऊन ये."

आता सरांना नाही म्हणणं जमणारच नव्हतं, चिठ्ठ्या पार संपलेल्या. ते आले. काशीबाई इतकं गोड बोलल्या की मला भीतीच वाटली. बशीत सुकेळी दिली, खुर्ची दिली, आणि एक नवीन कोडं दिलं. सरांनी उत्तर विचारलं. "ती पुढचे वेली," त्या म्हणाल्या. सरांना वाटलं म्हातारीला पाहुणचार आवडलाय. त्यांनी ते कोडं लगेच मालिकेत घातलं आणि भाग नेमका तिथेच संपवला : उत्तर पुढच्या शनिवारी.

मग मंगळवारी आम्ही पुन्हा आगाशीला. वाडीत शेजारच्या पाच-सहा बायका केळी सोलत बसल्या होत्या. सर घाईत होते, चित्रीकरण खोळंबलं होतं.

"उत्तर?"

"हरलो म्हना," काशीबाई म्हणाल्या. "हरलो म्हना न घेऊन जा."

बायकांचे हात थांबले. सरांनी माझ्याकडे बघितलं, मी केळ्यांकडे. एक शब्द होता. नवरीच्या सासवा म्हणत आल्या, मी म्हटला होता, कुणाच्या अंगाला भोक पडलं नव्हतं. सरांनी आधी ते हसू हसून बघितलं. मग दोन-तीन उत्तरं सुचवली. प्रत्येकाला काशीबाई "नाय". मग ते म्हणाले, "याला काही अर्थ नाही," आणि पिशवी उचलून चालू लागले.

शनिवारी डिटेक्टिव्हने चुटकी वाजवून सांगितलं, पणती. ते उत्तर सरांनी स्वतःच बसवलं होतं. बिल्डिंगने टाळ्या वाजवल्या. सर चष्मा पुसत होते, पण त्या दिवशी जरा जास्तच वेळ.

रविवारी मी आगाशीला धावले. काशीबाईंनी शेजारच्यांकडे बसून तो भाग पाहिला होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. "पनती! बरा झाला. आता समदे दुनियेला पनती म्हायती. नीताला पोरगी व्हऊ दे, तिचे लग्नात वऱ्हाड दारात पनती म्हनंल. न हरंल." मग मला जवळ बोलावून खरं उत्तर सांगितलं. "तू हरली म्हनालीस, तुला सांगते." सरांच्या मालिकेचा एवढा नेमका उपयोग सरांनीही कधी केला नसेल. ते कोडं मी इथे लिहिणार नाही. ज्यांना मालिका आठवत असेल त्यांनी खुशाल पणतीच धरून चालावं.

पुढे दोन वर्षांत मालिका बंद पडली. काशीबाई एका उन्हाळ्यात गेल्या. त्याआधी त्यांनी नीताच्या मुलीला मांडीवर घेतलं होतं. नीताची सासू अजूनही जिंकून आणल्याचं ऐकवते, तेवढं काही कुणी पुसू शकलं नाही.

सर निवृत्त झाले आणि मुलाकडे पुण्याला जायला निघाले. त्या सकाळी टेम्पोत कपाटं चढत होती. सर रिक्षात बसलेले, मांडीवर कॅसेटींचा खोका. कॉलेजच्या ग्रंथालयाला देणार होते म्हणे. वरच्याच कॅसेटवर त्यांचं अक्षर : आगाशी, वृद्धा १. चष्मा कपाळावर, पण खिसा रिकामा. मी रीतीप्रमाणे नमस्कार केला.

"बाई," ते म्हणाले, "ते एक कोडं होतं बघा. आम्ही पणती केलं होतं. खरं उत्तर काय होतं हो? राहून राहून आठवतं."

मला वाटलं होतं त्याहून म्हातारे दिसत होते. आवाजही खाली आलेला. मी मऊ पडले असते, खोटं कशाला बोलू.

"सर, एक शब्द म्हणा, सांगते," मी म्हणाले. "काशीबाईंनी म्हणायला सांगितला होता तो."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. आठवायचा प्रयत्न करताहेत हे दिसत होतं, अगदी मनापासून. रिक्षावाल्याने रिक्षा सुरू केली.

"काशीबाई कोण?" सरांनी विचारलं.